मेकॅनिकल कीबोर्डची बटणं चीं चीं करून राहिली तर घरच्या घरी काय करायचं

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं छोटं दुकान आहे, आणि संध्याकाळी सहानंतर गावातली पाच-सात पोरं-पोरी तिथंच टायपिंगची प्रॅक्टिस करतात. मागच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर एका पोरीचा मराठीचा वेग मिनिटाला २६-२७ शब्दांवर येऊन अडकला, पाहिजे ३०, आणि ती रोज एकच सांगायची, "ताई, स्पेस मारली का बटण ओरडते, मंग माह्यं ध्यान तुटते." मला आधी वाटलं बहाणा करून राहिली. मग मी स्वतः त्या कीबोर्डवर बसून एक लांब अर्ज टाइप केला, तर खरंच, प्रत्येक शब्दानंतर चीं, परत चीं, पानभर मजकुरात दोनशेच्या वर वेळा. त्या पोरीचं मी ऐकून घ्यायला पाहिजे होतं. तेव्हापासून हे काम मी शिकत गेली, आतापर्यंत चार कीबोर्ड उघडले, आणि ज्यानं कधी बटणही काढून पाहिलं नाही त्याच्यासाठी हे सगळं लिहून राहिली.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. बटण ओरडलं की आपला हात आधी तेलाच्या शिशीकडं जातो, बंडीचं चाक कुरकुरलं की वंगण लावायचं हे लहानपणापासून पाहिलेलं असते ना. पण वंगण सगळ्यात शेवटी. आधी नेमकं कुठं घासून राहिलं ते शोधायचं, कारण चार वेगवेगळ्या जागांवरून आवाज येऊ शकतो आणि चारही जागांचा इलाज वेगळा आहे. अर्धे आवाज तर स्क्रू न खोलता, काही न लावता जातात.

आधी पाहा कीबोर्ड कोणता आहे

कॉम्प्युटर बंद करा, कीबोर्डची वायर काढा, वायरलेस असेल तर त्याचं स्विच ऑफ करा. मग मोबाइलनं वरून एक स्वच्छ फोटो काढा. हे टाळू नका, कारण बटणं काढून ठेवल्यावर बाजूबाजूचे स्क्रोल लॉक, पॉज, इन्सर्ट कोणते कुठं होते हे भल्याभल्यांना आठवत नाही.

आता एक बटण वर ओढून काढा. खाली अधिकच्या चिन्हासारखी, म्हणजे फुलीसारखी रंगीत प्लास्टिकची दांडी दिसली तर कीबोर्ड मेकॅनिकल आहे. ती दांडी म्हणजे स्टेम. खाली रबराची वाटी दिसली तर तो साधा मेम्ब्रेन कीबोर्ड, त्याच्यात स्विच नसतात, बटण ज्या खाचेत वरखाली होते ती खाच पुसायची, सिलिकॉन ग्रीसचं नुसतं बोट फिरवल्याइतकं वंगण लावायचं, बस. खालचं सगळं मेकॅनिकलसाठी आहे.

मेकॅनिकल स्विच आतून कसं असते ते एकदा समजून घ्या, पुढचं सगळं सोपं जाते. हे डिझाइन चेरी कंपनीचं, ती मूळची अमेरिकेतली, पुढं जर्मनीत गेली आणि तिथं १९८० च्या दशकात हे एमएक्स नावाचं स्विच काढलं. पेटंट संपल्यावर गेटरॉन, कैल्ह, आउटेमू अशा चिनी कंपन्यांनी तसेच स्विच बनवले, आज आपल्याकडं स्वस्तातले जे कीबोर्ड मिळतात त्यात बहुतेक हेच असतात. एका स्विचमध्ये खालची डबी, वरचं झाकण, मधात स्टेम, स्टेमच्या खाली स्प्रिंग आणि बाजूला तांब्याच्या रंगाची पातळ धातूची पत्ती. बटण साधारण ४ मिलिमीटर खाली जाते आणि २ मिलिमीटरवरच पत्ती भेटून अक्षर उमटते. म्हणजे प्रत्येक वेळी स्टेमच्या दोन कडा डबीच्या दोन खाचांतून घासत खाली जातात आणि घासत वर येतात. ही घासायची जागा कोरडी पडली, नाहीतर तिथं धूळ बसली, की आवाज.

रंगाचंही पाहून घ्या. बहुतेक कंपन्यांत लाल स्टेम म्हणजे सरळ जाणारं लिनिअर, तपकिरी म्हणजे मधात किंचित अडकणारं टॅक्टाइल, निळं म्हणजे टिक-टिक वाजणारं क्लिकी. निळ्याची टिक हा बिघाड नाही, ते तसंच बनवलेलं असते. एका काकांनी त्यांच्या पोराचा नवा निळ्या स्विचचा कीबोर्ड आवाज येते म्हणून परत करायला काढला होता, मी त्यांना शेजारच्या दहा बटणांवर बोट मारून दाखवलं, सगळ्यांची टिक एकसारखी. बिघाडाचा आवाज कधी एकसारखा नसते.

कान लावून आवाज ओळखणं

यालाच सगळ्यात जास्त वेळ द्या, अर्धा तास गेला तरी चालते. पंखा बंद, कूलर बंद, टीव्ही बंद. दुपारी गावात सामसूम असते ती वेळ चांगली. एकेक बटण अगदी हळू दाबायचं, भाजी दबली का पाहतो तसं, आणि तितक्याच हळू सोडायचं. जोरात मारलं की ठोक्याच्या आवाजात बारीक आवाज बुडून जाते. मी कान कीबोर्डपासून वीतभर अंतरावर नेते आणि डोळे मिटते. ज्या बटणाचा आवाज आला त्याच्यावर पेन्सिलीनं खूण, नाहीतर कागदाचा बारका चिटोरा चिकटवायचा.

चार प्रकारचे आवाज ऐकू येतील. पहिला चीं, ओला फळा बोटानं पुसल्यावर येते तसा. हा कोरड्या घासण्याचा, प्लास्टिकवर प्लास्टिक नाहीतर प्लास्टिकवर तार. दुसरा टिंग, बटण सोडल्यावर मागं राहणारा, तांब्यावर नख मारल्यासारखा, तो स्प्रिंगचा. तिसरा खर्रखर्र, बोटालाही जाणवते की आत काहीतरी रवाळ आहे, ती धूळ. चौथा खडखड, हा फक्त लांब बटणांचा, म्हणजे स्पेस, एंटर, बॅकस्पेस आणि दोन्ही शिफ्ट, कारण त्यांच्या खाली तार असते आणि ती तार ढिली वाजते.

आता खूण केलेलं बटण काढा आणि उघड्या स्टेमवर पेनाची मागची बाजू ठेवून सरळ दाबा. आवाज गेला? मग दोष स्विचमध्ये नाही, बटणाची टोपी म्हणजे कीकॅप कुठंतरी घासून राहिली, शेजारच्या टोपीला नाहीतर खालच्या फ्रेमला. आवाज राहिला तर स्विचचाच आहे. सरळ दाबल्यावर गप्प आणि जरा तिरपं दाबल्यावर चीं, तर स्टेमच्या कडा कोरड्या. हे तिरपं दाबून पाहणं फार लोक करत नाहीत, आणि तिथंच फसतात. आपलं बोट कधीच अगदी सरळ पडत नाही, करंगळीनं शिफ्ट दाबताना तर नाहीच नाही. टेबलावर सरळ दाबून पाहिलं की वाटते झालं, आणि काम सुरू केलं की परत ओरडते.

अजून एक, इन्स्क्रिप्ट नावाच्या मांडणीवर मराठी टाइप करणाऱ्यांनी इंग्रजी ‘ई’ आणि ‘डी’ ही बटणं जरूर तपासा. काना ‘ई’वर आहे आणि पाय मोडायचं हलन्त ‘डी’वर, मराठीत काना किती येते ते तुम्हीच मोजा. माझ्या चारपैकी तीन कीबोर्डांत स्पेसनंतर पहिला दोष ‘ई’चाच निघाला.

सगळी बटणं नाहीतर पूर्ण कीबोर्डच कुरकुरते असं वाटलं तर स्विचच्या मागं लागू नका. कीबोर्ड दोन हातांत धरून हलकं पिळून पाहा, कुरकुरलं तर ते खोक्याचे स्क्रू ढिले आहेत, ते आवळा. कधी एखादा स्क्रू खालच्या स्टिकरच्या मागं लपलेला असते.

काय आणायचं, आणि काय लावायचं नाही

लागणारं सामान थोडं आहे. कीकॅप काढायचा तारेचा पुलर, बरेचदा कीबोर्डच्या डब्यातच येते, प्लास्टिकच्या गोल पुलरपेक्षा तारेचा बरा, त्यानं टोपीच्या कडांवर ओरखडे पडत नाहीत. पुलर नसेल तर शिवायच्या मजबूत दोऱ्याचे दोन फास करून टोपीच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांखाली अडकवा आणि सरळ वर ओढा. मऊ ब्रश, स्टेशनरीच्या दुकानातला शून्य नंबरचा चित्रकलेचा ब्रश, बारका चिमटा, चष्मा पुसायचं कापड, आणि सगळं मांडायला एक परात. परातीखाली पांढरं धोतर नाहीतर जुनी चादर अंथरा, कारण स्प्रिंग एकदा उडाली की शेणानं सारवलेल्या जमिनीवर ती सापडत नाही.

वंगण दोन पाहिजेत. स्विचसाठी क्रायटॉक्स २०५ जी-झिरो नाहीतर ट्रायबोसिस ३२०४, हे मुद्दाम प्लास्टिकला चालणारे आहेत, ऑनलाइन बारक्या डबीत मिळतात आणि पाच ग्रॅमची डबी एका कीबोर्डला पुरून उरते. लांब बटणांच्या तारेसाठी सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, ते जाड असते आणि तारेवर टिकून राहते. नागपूरला सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात विचारा. फक्त स्पेसबार ओरडत असेल तर हे दुसरं एकच आणा, पहिल्यावर खर्च करायची गरज नाही.

आता घरात असलेल्या गोष्टींबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त प्रश्न याचेच येतात. खोबरेल तेल नको. ते २४-२५ अंशांच्या खाली गोठते, आणि आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहाच्या खाली जाते. मी स्वतः पहिल्या वेळी दिवाळीनंतर खोबरेलच लावलं होतं, आठ दिवस छान चाललं, मग थंडी पडली आणि सकाळी बटण दाबलं की वर यायलाच तयार नाही. शिवाय जुनं झालं की खवट वास आणि चिकटा. जवसाचं तेल तर अजिबात नको, ते हवेत वाळून पापुद्रा धरते, म्हणून तर रंगात आणि लाकडाच्या पॉलिशमध्ये वापरतात. शिलाई मशीनचं तेल पातळ, ते स्टेमवर थांबत नाही, खाली पत्तीपर्यंत उतरते आणि आलेली सगळी धूळ धरून ठेवते. व्हॅसलीन मे महिन्यात बंद खोलीत पातळ होऊन वाहते. ट्रॅक्टरचं पिवळं ग्रीस नावही काढू नका. आणि डब्ल्यूडी-४० चा स्प्रे, जो प्रत्येक गॅरेजमध्ये असते, त्यात मुख्यतः द्रावक आहे, आतलं कंपनीचं वंगण धुऊन टाकते आणि उडून जाते, काही पारदर्शक प्लास्टिकला तर ते चालतच नाही आणि स्विचचं वरचं झाकण बरेचदा तशाच प्लास्टिकचं असते. नेलपॉलिश रिमूव्हर, थिनर, पेट्रोल, यांनी टोपीचं प्लास्टिक वितळते.

हातांचीही काळजी घ्या. क्रायटॉक्ससारखं वंगण बोटांना लागलेलं असताना बिडी-सिगारेट पेटवू नका, तापल्यावर त्याचा धूर छातीला वाईट आहे. खर्रा घोटायच्या आधीही साबणानं हात धुवा. काम संपेपर्यंत पान-तंबाखू बाजूला.

सफाई

सगळ्या टोप्या काढा. सरळ वर ओढायच्या, अडली तर पुलर किंचित डावी-उजवीकडं हलवत. स्पेसबार मात्र एका टोकाला धरून उचकटू नका, मधला स्टेम आधी सुटू द्या आणि दोन्ही बाजू सोबतच वर आणा. काही जुन्या कीबोर्डांत तार थेट टोपीत अडकवलेली असते, तिथं तार वाकवू नका, तिचं टोक चिमट्यानं बाजूला सरकवून काढा.

टोप्यांच्या खाली काय निघेल ते पाहून घाबरू नका. काळ्या मातीची पावडर असते, ती बोटांत घेतली की टाल्कमसारखी बारीक लागते, आणि कापसाचे तंतू. आमच्या दुकानासमोरूनच जिनिंगच्या गाड्या जातात, नोव्हेंबर ते मार्च हवेत रुईच असते, आणि ते तंतू स्टेमभोवती असे गुंडाळले जातात की दुरून पांढरी अंगठी वाटते. मी त्या पोरीच्या स्पेसबारखालून चिमट्यानं एक तंतू ओढायला घेतला तर वीतभर निघाला. कापसाच्या बोळ्यानं पुसू नका, तो अजून तंतू सोडते.

कोरड्या ब्रशनं झटका, मग कीबोर्ड उलटा धरून सायकलच्या पंपानं हवा मारा. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरनं मारू नका, जोर फार असते आणि टाकीतलं पाणी-तेल हवेसोबत बाहेर येते. चिकट डाग असतील, चहा सांडलेला असेल, तर मेडिकलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कापडाला जरासं लावून पुसा, थेट ओतू नका. हात धुवायचं सॅनिटायझर त्याच्या जागी चालत नाही, त्यात चिकटपणा असते.

टोप्या कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब टाकून तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशनं घासा, आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. उन्हात नको, मेच्या उन्हात पातळ टोपी वाकते. स्पेसबार आधीच वाकलेला असेल तर सपाट टेबलावर उलटा ठेवून पाहा, दोन्ही टोकं टेकत नसतील तर तो घासूनच आवाज करून राहिला. चांगल्या गरम पाण्यात, उकळत्या नाही, चार-पाच मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून सपाट फळीखाली वजन देऊन थंड होऊ द्या.

वाळल्यावर टोप्या लावा आणि परत ऐका. माझ्या एका कीबोर्डची नऊ बटणं ओरडत होती, नुसत्या सफाईनं सहा गप्प झाली.

लांब बटणं, म्हणजे तारेवाली

स्पेसबार काढला की मधात एक स्विच आणि दोन बाजूंना दोन छोट्या डब्या दिसतील, त्यांना जोडणारी इंग्रजी यू आकाराची तार. याला स्टॅबिलायझर म्हणतात. बटण एका टोकाला दाबलं तरी दुसरं टोकही सोबत खाली जावं म्हणून ती तार असते. कोरडी झाली की चीं करते, ढिली झाली की खडखड.

कीबोर्ड न उघडता जमते ते आधी करा. टाचणीच्या टोकावर किंवा दात कोरायच्या काडीवर मोहरीच्या अर्ध्या दाण्याइतकं सिलिकॉन ग्रीस घ्या. डबीत तार जिथून शिरते त्या फटीत ते लावा, मग वरच्या छोट्या दांडीला दाबून धरा, तार खाली जाते आणि तिचं टोक जिथं आत फिरते ती जागा दिसते, तिथं अजून तेवढंच. दुसऱ्या बाजूला तसंच. आता तीस-चाळीस वेळा दाबा, म्हणजे पसरते. बाहेर आलेलं कापडानं टिपा. हे ग्रीस वीज जाऊ देत नाही, म्हणून मधल्या स्विचच्या आत ते जाऊ देऊ नका, पत्तीवर बसलं तर अक्षर उमटायचं थांबेल.

इतक्यानं खडखड गेली नाही तर तार वाकडी आहे. त्यासाठी स्टॅबिलायझर बाहेर काढावं लागते. काही वरूनच खटका दाबून निघतात, काही खालच्या हिरव्या बोर्डावर बसवलेले असतात, तिथं खोकं उघडून स्विच काढल्याशिवाय निघत नाहीत. तार निघाली की जुन्या मोबाइलच्या काचेवर ठेवा आणि एका टोकाला बोट लावा, दुसरं टोक उचललं जात असेल तर चिमट्यानं अगदी थोडं वाकवत सपाट करा. पुन्हा ठेवा, पुन्हा पाहा. मला पहिल्या तारेला पाऊण तास लागला, दुसरीला पाच मिनिटं.

स्विचच्या आत

इथं एक प्रश्न आधी: स्विच ओढून निघते का? कीबोर्डच्या डब्यावर हॉट-स्वॅप लिहिलेलं असेल तर निघते, सोल्डरिंगची गरज नाही. स्विच काढायच्या पुलरची दोन टोकं स्विचच्या वर-खालच्या खटक्यांवर दाबा आणि सरळ वर ओढा. काही स्वस्त कीबोर्डांची सॉकेट फक्त आउटेमूच्या बारक्या पायांची असतात, त्यात दुसऱ्या कंपनीचं स्विच कोंबू नका, सॉकेट फाटते.

स्विच हातात आलं की वरचं झाकण चार खटक्यांनी बसलेलं दिसेल. ओपनर मिळते, नाहीतर विजेच्या टेस्टरच्या बारक्या टोकानं एका बाजूचे दोन खटके उचला, मग दुसऱ्या बाजूचे. अंगठा झाकणावर ठेवूनच, स्प्रिंग उडते. पंखा बंद आहे ना तेही पाहा.

ब्रशच्या टोकाला वंगण घ्या आणि डबीच्या कडेला पुसून टाका, म्हणजे ब्रशवर जे उरलं तेच लावायचं. लावल्यावर प्लास्टिक फक्त ओलसर चमकलं पाहिजे, पांढरा थर दिसला तर जास्त झालं. खालच्या डबीच्या दोन खाचा, मधला गोल खांब, स्टेमच्या दोन्ही बाजूच्या कडा, आणि स्प्रिंगची दोन्ही टोकं. टिंग आवाज असेल तर स्प्रिंगला जरा जास्त. लिनिअरमध्ये इतकं सगळं. टॅक्टाइलमध्ये स्टेमचे दोन पाय जे पत्तीला घासतात त्यांना लावायचं नाही, नाहीतर मधातला अडकाव मऊ पडते आणि तो स्विच लिनिअरसारखाच लागते. क्लिकीमध्ये फक्त खाचा आणि स्प्रिंग, टिक करणाऱ्या भागाला हात लावू नका. पत्तीला कोणत्याच प्रकारात मुद्दाम लावायचं नाही.

झाकण बसवताना स्टेमचे दोन पाय पत्तीच्या बाजूला आले पाहिजेत, उलटं बसवलं तर झाकण लागतच नाही, जोर लावू नका. कीबोर्डात परत टाकताना आधी स्विचच्या खालचे धातूचे दोन्ही पाय सरळ आहेत का पाहा. वाकलेला पाय आत दुमडते आणि बटण चालत नाही, घाबरून जायचं काम नाही, काढा, चिमट्यानं सरळ करा, परत लावा.

सोल्डर केलेला कीबोर्ड असेल तर नवख्या माणसानं सोल्डरिंगच्या मागं लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. एका बटणासाठी बोर्डावरची तांब्याची रेघ उचलली गेली तर पूर्ण ओळ मरते. त्याऐवजी टोपी काढा, स्टेम पेनानं दाबून धरा, आणि ब्रशवर नावापुरतं वंगण घेऊन स्टेमच्या फक्त त्या दोन बाजू पुसा ज्या डबीच्या खाचेत घासतात. पत्ती ज्या बाजूला आहे ती सोडा, स्विच सारखेच असतात, एकात कुठं आहे ते कळलं की सगळ्यांत कळते. पन्नास वेळा दाबा. आवाज पूर्ण जाईलच असं नाही, पण तिरप्या बोटाची चीं बहुतेक वेळा जाते.

लावून झाल्यावर

नोटपॅड उघडून प्रत्येक बटण दोन-दोन वेळा दाबून पाहा. एखादं अक्षर दोनदा उमटून राहिलं, नाहीतर उमटतच नाही, तर वंगण पत्तीवर गेलं, ते स्विच उघडून अल्कोहोलनं पुसावं लागेल. बटण जड, चिखलात रुतल्यासारखं लागलं तर वंगण जास्त झालं, तेही पुसून कमी करायचं. पहिल्या दिवशी बटण जरा मऊ वाटते, दोन-तीन दिवस वापरल्यावर पसरून नीट बसते, म्हणून लगेच परत उघडू नका.

दुकान बंद करताना कीबोर्डावर जुन्या सुती साडीचा तुकडा टाकत जा, कापसाच्या सीझनमध्ये तर नक्कीच. कूलरसमोर कीबोर्ड ठेवू नका, त्याचे तुषार थेट तारेवर बसतात आणि पावसाळा संपेपर्यंत तार गंजते.

एखादं स्विच सगळं करूनही ओरडतच राहिलं, ते होते, आत खाच झिजलेली असते, आणि गावात नवं एक स्विच काही मिळत नाही. हॉट-स्वॅप असेल तर स्क्रोल लॉकचं स्विच काढून तिथं लावा आणि ओरडणारं स्क्रोल लॉकमध्ये टाका. त्या पोरीच्या ‘ई’ला मी हेच केलं. ती आता त्याच कीबोर्डवर बसते, आणि परवा माझ्या हातातला ब्रश घेऊन तिनंच शेजारच्या पोराचा बॅकस्पेस नीट करून दिला.